रविवारी उघडलेला लॅपटॉप

प्रोसेसर त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात घालून आणला होता. सॅकमध्ये ठेवला असता तर एसटीच्या गर्दीत कुणाच्या तरी कोपराखाली आला असता, म्हणून रावेरपासून धुळ्यापर्यंत एका हातानं खिसा धरून बसला होता. घरात आल्यावर चपला काढायच्या आधी त्यानं ती प्लास्टिकची डबी माझ्या तळहातावर ठेवली. आत स्पंजवर टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा हिरवट चौकोन होता आणि त्याच्या पाठीवर बारीक सोनेरी पिनांची दाटी.

"एवढासाच?" मी विचारलं.

"एवढासाच. पिनांना बोट लावू नकोस."

तो म्हणजे माझा नवरा. रावेर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तो शिक्षक आहे आणि मी धुळ्याजवळच्या एका गावात. दोघांकडेही पहिली-दुसरीचे वर्ग, फक्त जिल्हे दोन. जळगावला डी.एड.ला आम्ही एका वर्गात होतो. नोकऱ्या लागल्या तेव्हा त्याला जळगाव जिल्हा मिळाला, मला धुळे. लग्न ठरताना सगळे म्हणाले, नवरा-बायको दोघं नोकरीला असले की बदली लवकर होते, वर्ष-दोन वर्षं काढा. आम्हीही तेच धरून चाललो. तेव्हापासून किती वेळा बदल्या निघाल्या आणि किती वेळा थांबल्या, त्याचा हिशोब ठेवणं आम्ही सोडून दिलं आहे.

मी धुळ्यात देवपूरला एका माडीवर भाड्यानं राहते. त्याची खोली म्हणजे दोन शिक्षकांत मिळून एक, म्हणून मी तिकडे जाण्यापेक्षा तोच इकडे येतो. शनिवारी सकाळची शाळा करून निघतो, जळगावला गाडी बदलतो, दिवेलागणीला पोचतो. रविवारी चारनंतर परत निघतो. आमचा संसार तेवढ्यात बसवायचा असतो. दळण, गॅस, नातेवाइकांची लग्नं, भांडण झालंच तर भांडण, सगळं.

लॅपटॉप आम्ही लग्नाच्या पहिल्या दिवाळीला घेतला. फ्रीज घ्यावा की लॅपटॉप, यावर दोन रविवार गेले होते. शेवटी तो म्हणाला, फ्रीज एका घरात राहील, लॅपटॉप इकडून तिकडे नेता येईल. मला ते पटलं. आता तो लॅपटॉप इतका जुना झाला होता की दुकानात नेला तर दुकानदार आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग आमच्याकडे. कीबोर्डवरची काही अक्षरं पुसून गेली होती. झाकण उघडताना बिजागरी करकरायची. त्याची मेमरी वाढवून झाली होती, हार्ड डिस्क बदलून झाली होती. "आता फक्त प्रोसेसर राहिला," असं नवरा बरेच दिवस म्हणत होता. हल्लीच्या लॅपटॉपना तो बोर्डावर डाग देऊन कायमचा बसवलेला असतो, काढता येत नाही. आमच्या जुन्यात मात्र तो सॉकेटमध्ये होता, म्हणजे काढून त्याच जातीचा पण जास्त ताकदीचा घालता येणार होता. जळगावच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यानं सांगून ठेवलं होतं आणि एकदाचा तसा एक हाती लागला.

ताकद हवी होती ती व्हिडिओंसाठी.

माझ्या वर्गातली मुलं घरी अहिराणी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा 'मला' हा शब्द त्यांच्या तोंडात नसतो. "मॅडम, माले पानी पेवानं शे," असं म्हणतात. त्याच्याकडची मुलं 'माले' म्हणत नाहीत, 'मले' म्हणतात. इकडची 'मनी माय', तिकडची 'माही माय'. पुस्तकात दोन्ही नाही. एका रविवारी बोलता बोलता आमच्या लक्षात आलं की, ही मुलं एकमेकांना ऐकतील तर त्यांना मजा येईल आणि त्या निमित्तानं पुस्तकातला शब्दही कळेल. मग आम्ही छोटे छोटे व्हिडिओ करू लागलो. माझी मुलं एक प्रश्न विचारायची, तो मी मोबाइलवर घ्यायचे. "तुमनाकडे काय पिकस?" त्याची मुलं केळीच्या बागेजवळ उभी राहून उत्तर द्यायची. रविवारी दोन्ही तुकडे लॅपटॉपवर जोडायचे, खाली पुस्तकातलं वाक्य टाकायचं, सोमवारी मी वर्गात लॅपटॉपवर दाखवायचे, तो त्याच्या शाळेतल्या टीव्हीवर.

जोडायला वेळ लागायचा. चार मिनिटांच्या व्हिडिओला लॅपटॉप दुपारभर घुं घुं करत बसायचा. मधेच अडकला की पहिल्यापासून. तळ इतका तापायचा की खाली लाकडी पाट ठेवावा लागे. आमचा रविवार त्या निळ्या पट्टीकडे बघण्यात जायचा, ती कुठवर सरकली, कुठवर सरकली. खरं सांगायचं तर मला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. आम्ही शेजारी शेजारी बसलेले असायचो.

तर त्या रविवारी आंघोळी उरकून त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि लॅपटॉप पालथा घातला. बॅटरी काढली, एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवला. झाकण निघाल्यावर पंख्याच्या तोंडाशी धुळीचा एक थर दिसला, पेळूसारखा मऊ आणि राखाडी. तो त्यानं चिमटीनं ओढून काढला आणि मला दाखवला.

"हे सगळं धुळ्याचं आहे," तो म्हणाला.

"अर्धं रावेरचं असेल."

पंख्याखाली तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला धातूची पट्टी होती. ती उचलली तेव्हा खाली जुना प्रोसेसर दिसला, वर वाळलेल्या चुन्यासारखा लेप. हा लेप उष्णता ओढून पंख्याकडे नेतो, तो असा वाळला की लॅपटॉप तापतो, हे त्यानं मला मुलांना समजावतात तसं सांगितलं. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं तो पुसला. सॉकेटच्या कडेचा एक स्क्रू अर्धा वळवला आणि जुना प्रोसेसर अलगद वर आला. नव्याच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण होता, सॉकेटच्याही एका कोपऱ्यावर तशीच खूण होती. दोन्ही जुळवून त्यानं तो सोडला. तो दाबावा लागला नाही, आपल्या वजनानं बसला. मी शेजारी बसून हवं ते हातात देत होते. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. मी पदरानं पुसला. असं काही करण्याची वेळ आमच्यावर कधी येत नाही. तो दमलेला, घामेजलेला असतो तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावून, सगळं बंद करून त्यानं बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

त्यानं परत उघडलं, प्रोसेसर काढून पिना उजेडात धरून बघितल्या, परत बसवला. पडदा काळाच. आणखी एकदा. मधे जेवण झालं, तेही त्यानं न बघता केलं. वांग्याचं भरीत त्याला आवडतं म्हणून मी मुद्दाम केलं होतं. चार वाजले तरी तो त्या ताटलीतल्या स्क्रूंशीच होता.

"राहू दे," मी म्हणाले, "गाडी चुकेल."

"मला कळत नाहीये काय चुकतंय ते."

"पुढच्या रविवारी बघू."

त्यानं जुना प्रोसेसर डबीत ठेवला, झाकण लावलं, हात धुतले, सॅक उचलली. स्टँडपर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेले. वाटेत पांझरेच्या पुलावर त्यानं विचारलं, "आज आपण काहीच बोललो नाही, नाही का?" मी म्हणाले, बोललो की. गाडीत बसल्यावर त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मग कंडक्टर ओरडला म्हणून आत घेतला.

आठवडाभर लॅपटॉप कपाटावर पडून होता. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाज खुललेला. कारण सापडलं होतं. लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो, तो आमच्या लॅपटॉपमध्ये फार जुना होता. नव्या प्रोसेसरची त्याला ओळखच नव्हती. म्हणजे नवा काढून जुना परत घालायचा, लॅपटॉप सुरू करायचा, तो प्रोग्राम नव्यानं भरायचा आणि मग नवा प्रोसेसर बसवायचा.

"म्हणजे मी काही चुकलो नव्हतो," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणाले चुकलास?"

"येतो शनिवारी, करून टाकू."

पण त्या शनिवारी त्याला प्रशिक्षण लागलं. पुढच्या आठवड्यात मतदार यादीचं काम आलं, घरोघर फिरून, रविवारीसुद्धा. तो कळवायचा तेव्हा आधी जेवलीस का विचारायचा, त्यावरूनच मला कळायचं. मी "बरं" म्हणायचे. फोन ठेवल्यावर जास्तीचं भिजवलेलं पीठ झाकून ठेवायचे.

शाळेत मुलं विचारू लागली, आमचा व्हिडिओ कुठे आहे म्हणून. "मॅडम, आमना व्हिडिओ कथा शे?" आम्ही एक मोठा प्रश्न पाठवला होता, तुमच्याकडे पाऊस येतो तेव्हा कुठून येतो, आणि त्याच्या मुलांनी सातपुड्याकडे बोट दाखवून उत्तर दिलं होतं. ते उत्तर माझ्या मोबाइलमध्ये पडून होतं. मोबाइलवर तसंच दाखवता आलं असतं, पण एवढ्याशा पडद्यावर सगळी मुलं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मागच्यांना काही दिसत नाही.

एका रविवारी सकाळी उठले, केस बांधले आणि वर्तमानपत्र पसरलं.

तो रावेरला दारोदार फिरत होता. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काय करतेस?"

"लॅपटॉप उघडते आहे. सांगत जा."

"मी आल्यावर करू ना."

"तू कधी येणार ते तुला तरी माहीत आहे का?"

मग तो सांगू लागला. आधी बॅटरी. मग हे स्क्रू, आखूड आणि लांब वेगळे ठेव. मधेच म्हणायचा, "थांब, एक घर करून येतो." मग फोनमधून मला कुणाचं तरी अंगण ऐकू यायचं, कोंबड्या, म्हातारीचा आवाज, "सर, पोरगी लग्न होऊन गेली, तिचं नाव काढा." तो नाव विचारायचा, कोणत्या गावाला दिली विचारायचा. लोकांशी बोलताना त्याचा आवाज वेगळा असतो, थोडा मोठा, थोडा हसरा. मी तो कधी ऐकला नव्हता. स्क्रू ड्रायव्हर हातात धरून मी ऐकत बसले. परत आला की विचारायचा, "कुठवर आलीस?" आणि मी खोटंच सांगायचे, स्क्रू निघत नाहीये म्हणून.

जुना प्रोसेसर मी बसवला. त्रिकोण जुळवला, सोडला, बसला. पडदा लागला. तो तिकडून म्हणाला, "शाब्बास," आणि मग कुणाला तरी, "काही नाही, घरचा फोन आहे."

आता प्रोग्राम भरायचा होता. तो सुरू झाल्यावर मधेच वीज गेली तर लॅपटॉप कायमचा गेला असता. आमची बॅटरी म्हातारी, तिचा भरवसा नव्हता. मी खाली भाभींकडे गेले. भाभी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, मारवाडी. खाली त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. दिवसभर त्या आणि त्यांचे यजमान एकाच गादीवर बसून गिऱ्हाइकं करतात. मी सांगितलं काय करायचं आहे ते.

"इथंच आण, मॅडम," त्या म्हणाल्या. "कापडाच्या गठ्ठ्यावर ठेव." दुकानातला एक पंखा बंद करून त्यांनी मला त्याची प्लगची जागा दिली. त्यांचे यजमान कुरकुरले तशा म्हणाल्या, "पाच मिनिट गरमीत बसा. तिचा घरवाला तिकडे उन्हात फिरतो आहे."

तेवढ्यात फोन कटला. मी परत लावला, लागेना. केळीच्या बागांत तो गेला असेल तर रेंज जाते. पडद्यावर पट्टी आली, खाली इंग्रजीत लिहिलेलं, बंद करू नका. मी भाभींच्या शेजारी उभी राहिले. आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत होतो. भाभी हळूच म्हणाल्या, "मला विचार, नवरा रोज घरी असला की काय होतं. वर्षानुवर्षं तेच तोंड." मग माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पट्टी पूर्ण झाली. वर जाऊन मी परत सगळं उघडलं, या वेळी फोनशिवाय. जुना काढला, नवा घातला, लेप लावला. प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्टीवर स्क्रूंचे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमानं आवळायचे, हे त्यानं सकाळी सांगितलं होतं. बटण दाबलं. एक क्षण काळं, आणि मग उजेड आला. नव्या प्रोसेसरचं नाव पडद्यावर दिसलं. मी मांडी घालून तशीच बसून राहिले. सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

त्याचा फोन दुपारी लागला.

"झालं," मी म्हणाले.

"चाललं?"

"चाललं. व्हिडिओसुद्धा जोडला. चहा गाळेपर्यंत झाला."

मला वाटलं होतं तो खूश होईल. तो "वा" म्हणाला, "छान झालं" म्हणाला, पण आवाज खुलला नाही. मागे ट्रॅक्टर गेला.

"काय झालं?"

"काही नाही. मी पुढच्या रविवारसाठी ठेवलं होतं ते." मग म्हणाला, "आठवडाभर मनात करत होतो मी ते. कुठला स्क्रू आधी, तू कुठे बसशील."

मी म्हणाले, "जेवलास का?"

पुढच्या आठवड्यात तो आला. व्हिडिओ दोन्ही शाळांत दाखवून झाला होता. माझ्या मुलांनी सातपुडा पाहून विचारलं होतं, तो डोंगर आपल्याकडे का नाही. त्याच्या मुलांना माझ्या मुलांचं 'शे' इतकं आवडलं होतं की, ती दिवसभर एकमेकांना "काय शे, काय शे" म्हणत होती. हे सगळं आम्ही शनिवारी जेवतानाच बोलून घेतलं. रविवारी नवा व्हिडिओ जोडायला घेतला आणि दहा वाजता तो तयार होता. लॅपटॉप गारच होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"आता?" मी विचारलं.

"तुझं काय काम असेल ते कर."

"माझं काही नाही."

तो खिडकीशी गेला, परत आला. अनेक वर्षांचं लग्न, आणि आमच्या हाताशी काम नसलेला एवढा मोठा रविवार कधी आला नव्हता. मग तो पलंगावर टेकून म्हणाला, "तुला एक सांगू? तू बुधवारी कशी असतेस ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शाळेतून आल्यावर. कुणाशी भांडून आलीस तर, डोकं दुखत असलं तर. रविवारी तू मला नीटनेटकीच भेटतेस. भरीत करतेस. मी पण दाढी करून येतो."

मी हसले. पण तो गेल्यावर ते वाक्य घरात राहिलं. भांडी घासताना, शाळेच्या रिक्षात बसल्यावर, हजेरी घेताना. मलाही त्याचा बुधवार माहीत नव्हता. त्या सकाळी फोनवरून म्हातारीशी बोलणारा तो माणूस मी कितीसा पाहिला होता?

त्याच्या खोलीतले दुसरे सर सुट्टीवर गावी गेले, असं त्यानं एकदा सहज सांगितलं. मी किरकोळ रजेचा अर्ज दिला आणि बुधवारी पहाटेची जळगाव गाडी पकडली. पारोळा गेल्यावर त्याला फोन केला, येते आहे म्हणून. तो म्हणाला, "कुणाला बरं नाही का?" मी म्हणाले, सगळे बरे आहेत. किल्ली शेजारी ठेवायला सांगितली.

दुपारी पोचले. खोलीत दोन पलंग, दोरीवर त्याचा टॉवेल, स्टोव्हजवळ सकाळच्या खिचडीचं भांडं पाणी घालून ठेवलेलं. मी काही आवरलं नाही. आवरलं असतं तर परत रविवार झाला असता. रस्त्यावरून केळीचे ट्रक जात होते. मी त्याच्या पलंगावर बसून वाट बघितली.

तो सव्वापाचच्या सुमाराला आला. खांदे पडलेले, बाहीला खडूची भुकटी, डोळे लाल. मला बघून हसला, पण ते हसू पुरतं उमटलंच नाही, इतका तो दमला होता. "बस हं," म्हणाला, आणि मोरीत जाऊन पाय धुतले. मग आपण होऊन दोन वाक्यं बोलला, वरून कुठली तरी माहिती आजच्या आज मागितली होती, त्यात मधली सुट्टी गेली होती. चिडलेला होता. माझ्यावर नाही, पण ते माझ्यावरही पडलं थोडंसं. मी केलेल्या चहात साखर जास्त झाली म्हणाला. घरी धुळ्याला त्यानं माझ्या चहाला कधी नाव ठेवलं नाही.

मी भाकरी टाकल्या, पिठलं केलं. तो जेवला. मी काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. ताट बाजूला सारून तो भिंतीला टेकून बसला आणि बोलता बोलता, म्हणजे मी बोलता बोलता, झोपून गेला. मान एका बाजूला कलली, तोंड थोडं उघडं. बाहेर अजून उजेड होता. पोरं गोट्या खेळत होती आणि 'मले दे, मले दे' करत भांडत होती.

मी त्याला उठवलं नाही. ताटं उचलून मोरीत ठेवली आणि त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसले. सकाळी पहिल्या गाडीनं मला परतायचं होतं.